आप्पाकडे दिलेला निरोप

"मामा, भाकरी करपली," दारातून कोणीतरी म्हणालं.

लुकसने उलथणं घालून पाहिलं. अर्धी भाकरी हातात आली, अर्धी तव्यालाच चिकटून राहिली. गॅस बंद करून तो वळला. दारात तिशीतला एक गडी उभा होता. नाक थेट लुकसच्या बायकोचं, शालूचं.

"इंद्रजित न्हवं तू? आप्पासोचा पोरगा?"

"व्हय. आण्णांनी बोलावलंय तुमास्नी. इथं मिरजेतच हायती, तुमच्या मिशन दवाखान्यात. लिवर गेलंय. डॉक्टर म्हणत्यात आज-उद्या."

"शालू आजारी हुती तवा आमी बी निरोप धाडला हुता. तवा तुमच्यात गाडी न्हवती का?"

इंद्रजितने मान खाली घातली. "गाडी हुती, मामा."

लुकसने सारी उमर त्या दवाखान्यात चादरी धुण्यात आणि इस्त्री करण्यात घालवली होती. कवठे महांकाळकडची शालू आजारी आईसोबत तिथं आली, आई बरी होऊन गावी गेली, आणि पुढच्या वर्षी शालूने लुकसशी चर्चमध्ये लग्न लावलं. तिचा थोरला भाऊ आप्पासो त्या दिवशी भर चावडीवर म्हणाला, माझी बहीण मेली. तेव्हापासून माहेरचं दार बंद झालं ते झालंच. गेल्या थंडीत ती खरोखरची मेली, तेव्हाही तो आला नाही.

"मी येत न्हाई," लुकस म्हणाला.

"आण्णा आता तुमच्या देवाचं नाव घ्यायला लागल्यात," इंद्रजित हळूच म्हणाला. "चर्चचे पाळकसाहेब रोज येऊन बसत्यात त्यांच्यापाशी."

लुकसने तव्याला चिकटलेली भाकरी खरवडून काढली. मग त्याने हाताचं पीठ धुतलं आणि खुंटीवरचा सदरा घेतला.

वॉर्डाबाहेर पाळकसाहेब भेटले. लुकसने त्यांना बाजूला घेतलं.

"साहेब, ह्यो माणूस जल्मभर दार लावून बसला. ती बिचारी वाट बघून बघून गेली. आन् आता मरताना एक वाक्य बोलला की झालं?"

"प्रभूशेजारच्या वधस्तंभावरच्या चोरापाशी तरी काय होतं, लुकस? बाप्तिस्मा नाही, प्रभुभोजन नाही. नुसतं म्हणाला, माझी आठवण ठेव. प्रभूने त्याला त्याच दिवशी आपल्याबरोबर नेलं."

"त्या चोरानं माझ्या घरात चोरी केली न्हवती."

पाळकसाहेबांनी वॉर्डाच्या दाराकडे पाहिलं.

"आन् मी एक रविवार चुकवला न्हाई," लुकसचा आवाज खाली आला. "मी अजून हितंच. ह्यो आज जाणार, आन् माझ्या आधी तिला भेटणार. ह्यो कुठला न्याय, साहेब?"

पाळकसाहेबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. दोघे तसेच आत गेले.

खाटेवर तो ओळखीचा आप्पासो नव्हताच. कुस्तीच्या फडात उतरला की गाव मागं सरायचं असा तो गडी, आणि इथे पिवळी कातडी आणि टम्म पोट. चादर एका बाजूने लोंबत होती. लुकसने सवयीने ती ओढून नीट केली, कोपरा गादीखाली दुमडला.

"दाजी," आप्पासो म्हणाला.

हा शब्द लुकसने साऱ्या संसारात त्याच्या तोंडून ऐकला नव्हता.

"पाळक म्हणत्यात, देवानं माफ केलं. देवाचं ठीक हाय. त्यो मोठा हाय. पर तिथं शालू उभी असंल की. तिच्याम्होरं मी कसा जाऊ?"

इंद्रजितने तोंड फिरवलं. आप्पासो लुकसकडेच बघत होता. लुकस गप्प राहिला असता तरी चाललं असतं. तेवढ्यानेच आप्पासोला पुरेशी शिक्षा मिळाली असती.

त्याने स्टूल ओढलं आणि बसला.

"भाऊबीजेला ती काय करायची, ठावं हाय?"

"काय?"

"तिन्हीसांजंला घरामागं जायची, ताटात दिवा घिऊन. बीजेची कोर बारीक असती, लवकर बुडती, म्हणून घाई नुसती. चंद्राला ओवाळायची. भाऊ नसलेल्या बाया ओवाळत्यात तशी."

"तुमच्यात चालतंय व्हय ते?" आप्पासोने खाटेच्या पायथ्याशी उभ्या पाळकसाहेबांकडे पाहिलं. "पाळकास्नी ठावं हुतं?"

"आत्ता कळलं त्यास्नी."

पाळकसाहेब खिडकीतून बाहेरचं झाड बघत होते.

"मी आत बसून मोठ्यानं पवित्र शास्त्र वाचायचो," लुकस म्हणाला. "म्हंजी तिला वाटावं, माझं ध्यान न्हाई. एका साली ढग हुतं. चंद्र दिसंना. तरी ताट घिऊन उभीच. मी हाक मारली तवा आत आली. दिवा इझला हुता."

"म्हंजी ती रागावली न्हवती?"

"लय रागावलेली. आप्पा मेला, आप्पा मुडदा, काय काय बोलायची. पर एक भाऊबीज चुकवली न्हाई."

आप्पासो हसला, आणि हसता हसता त्याच्या डोळ्यांतून पाणी कानाकडे ओघळलं. लुकसने चादरीच्या टोकाने ते टिपलं.

"जा बिनघोर," तो म्हणाला. "शिव्या घालंल आधी. तेवढं खाऊन घे. मग ओवाळंल."

मग लुकस जवळ वाकला.

"आप्पा, तू माझ्या आधी पोचणार. माझा एक निरोप ने."

"सांगा, दाजी."

"म्हणावं, भाकरी जमाय लागली. पातळ येती, फुगती बी. जेवतुया येवस्थित."

इंद्रजितने लुकसच्या तोंडाकडे पाहिलं. सकाळचा तवा त्याने पाहिला होता.

"आनि?" आप्पासोने विचारलं.

"आनि काय न्हाई. जाताना तिला तेवढाच घोर हुता."

दुसऱ्या दिवशी लुकस परातीत पीठ मळत होता तेव्हा फोन वाजला. पिठाच्याच हाताने त्याने तो उचलला.

"मामा, आण्णा गेलं," इंद्रजित म्हणाला. "शेवटाला तुमचा निरोप पुटपुटत हुतं. भाकरी, भाकरी करत. नर्सबाईस्नी वाटलं, भूक लागलीया." मग म्हणाला, "गावाकडं नेतोय. आमच्या रीतीनं अग्नी देणार. चालंल न्हवं?"

"चालंल. त्याचं ज्या देवाशी बोलणं झालंय, त्यो वळखंल त्याला. मी बी येतो. जाताना मला घे."

"बरं, मामा."

फोन ठेवून लुकस परातीपाशी बसला. निरोप आता पोचला असेल. तिने आप्पाला दोन-तीनदा विचारलंही असेल, खरं का, तू बघितलंस का डोळ्यानं, म्हणून.

तवा तापला होता. थापलेली भाकरी त्याने उचलली, तर ती मधोमध फाटली. त्याने ती मोडली, पाण्याचा हात लावला आणि पीठ पुन्हा मळायला घेतलं.