वगदीचं ‘राहू द्या’

आमच्या कैरोतल्या कसिनोत पाहुण्यानं कुठल्याही टेबलावर हरावं, पैसे मात्र माझ्या खिडकीशी येऊन चुकते करावेत, अशी पद्धत आहे. मी पितळी गजांमागे बसते. इथून माणसाचं तोंड कमी आणि पाकीट जास्त दिसतं, आणि त्यात माझं काही नुकसान होतं असं मला कधी वाटलं नाही. तोंडं फार खोटं बोलतात.

वगदी आमचा पत्ते वाटणारा. हात इतका हलका, की हरणारासुद्धा कौतुकानं बघत राही. त्याला मजल्याचा मॅनेजर व्हायचं होतं. म्हणजे त्याला व्हायचं होतं त्याहून जास्त त्याची बायको नगवा हिला. तिनं शुब्रा वस्तीतल्या त्यांच्या अख्ख्या गल्लीला आधीच सांगून टाकलं होतं, त्यामुळे परतीची वाट बंद होती.

तयारी त्यानं मनापासून केली. रूलेटवर एका आकड्याला पस्तीस पट मिळतात, म्हणून दाढी करताना पस्तीसचा पाढा. भिंतीला न टेकता तासन् तास उभं राहायचं. पत्ते वाटणाऱ्याला टेबल सोडताना, काही लपवलं नाही हे दिसावं म्हणून, दोन्ही तळवे उघडून कॅमेऱ्याला दाखवावे लागतात. मॅनेजरला ते शोभत नाही, म्हणून ती सवयही मोडायची होती. पण ती मोडेना. घरी जेवून उठतानाही तो तळवे दाखवायचा. नगवा म्हणायची, “दिसलं रे. आता ताट उचल.”

आमचे साहेब मिस्टर थॉर्न, इंग्रज. ते शिकवायचे त्यात एक नियम सगळ्यांच्या वरचा: मॅनेजरचा शब्द म्हणजे घराचा, म्हणजे कसिनोचा, शब्द. पाहुण्याला जे बोललात ते घर पाळणार, मग ते तुमच्या तोंडून झोपेत गेलेलं असो.

वगदीनं हा नियम वहीत लिहून घेतला, खाली रेघही ओढली. आणि मॅनेजरीच्या तीन महिन्यांच्या परीक्षेच्या काळात, एका मंगळवारी दुपारी, मिस्टर वौटर माझ्या खिडकीशी आले.

वौटर म्हणजे बटाट्याच्या बियाण्याचे डच व्यापारी. नुसत्या सहीवर, उधारीनं, दोन हजार डॉलरच्या खेळायच्या चकत्या घेतल्या होत्या आणि सगळ्या नीटनेटक्या हरले होते. त्यांनी पाकीट काढलं. शेजारी नवा सूट घालून वगदी उभा होता. आता कैरोत कुणी पाकीट काढलं, की समोरच्यानं काय म्हणायचं असतं? टॅक्सीवाला म्हणतो, न्हावी म्हणतो, माझा दातांचा डॉक्टरसुद्धा म्हणतो. आपण “छे छे, असं कसं” म्हणतो, तो पुन्हा म्हणतो, आपण पुन्हा नाही म्हणतो, आणि मग तो पूर्ण पैसे मोजून घेतो.

वगदी छातीवर हात ठेवून, स्वच्छ इंग्रजीत म्हणाला, “राहू द्या हो साहेब. आमच्याकडून समजा.”

वौटरनी त्याच्याकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. मग पाकीट खिशात ठेवलं, वगदीचा हात दोन्ही हातांत धरला आणि म्हणाले, “आजवर एवढा हरलो, पण असं कुणी म्हणालं नव्हतं.” डोळ्यांत पाणी घेऊन ते लिफ्टकडे गेले.

“मादाम थेरेझ,” वगदी म्हणाला, “ते परत येतील ना?”

“का येतील? तू राहू द्या म्हणालास, त्यांनी राहू दिलं.”

“पण त्यांनी नाही म्हणायला हवं होतं.”

“ते डच आहेत, वगदी. त्यांना वाटलं तू खरंच बोललास.”

साहेबांनी कॅमेऱ्यात सगळं पाहिलं होतं. ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर वगदीला बरं वाटलं असतं. एवढंच म्हणाले, “शब्द दिला, तो पाळायचा. दोन हजार मी शिकवणीच्या खर्चात टाकतो. असा खर्च आणखी एकदा झाला, तर तुम्ही परत पत्ते वाटायला, मिस्टर वगदी.”

गुरुवारी संध्याकाळी वौटर परत आले. एकटे नाही, सहा मित्रांना घेऊन. कुणी गव्हाचं बियाणं विकतो, कुणी पंप. त्यांना बातमी पोचली होती, की या घरात माणसाला माणूस समजतात. सगळ्यांनी सहीवर चकत्या घेतल्या. मी वरचेवर त्यांच्या हरण्याचा आकडा पाहत होते. त्यांचं माणूसपण आम्हाला फार छान परवडत होतं.

पण खेळ संपला आणि सातही जण माझ्या खिडकीशी रांगेत उभे राहिले. प्रत्येकाचा हात खिशाकडे आणि डोळा वगदीकडे. गजांच्या पलीकडे, खांबापाशी, मिस्टर थॉर्न.

वगदीचा चेहरा पाहवेना. सात पाकिटं उघडणार आणि कैरोच्या माणसानं गप्प उभं राहायचं! त्याचे ओठ हलायला लागले.

“मादाम,” तो कुजबुजला, “मला आवरा. माझ्या तोंडून जाणार.”

माझ्या खणात तिळाच्या वड्या असतात, गुळाच्या नव्हेत, साखरेच्या, दाताला धरणाऱ्या. मी दोन उचलून गजांमधून त्याच्या हातावर ठेवल्या. “दोन्ही एकदम घाल. चावू नकोस, नुसत्या दाबून धर.”

पहिलं पाकीट उघडलं. वगदीनं छातीवर हात ठेवला, मान झुकवली, तोंड उघडायचा प्रयत्न केला. घशातून “म्म्म” एवढंच आलं. पंपवाल्यानं क्षणभर वाट पाहिली, मग तोही मान झुकवून नोटा मोजू लागला. दुसरा. तिसरा. सहाव्याला तर वगदीच्या डोळ्यांतून पाणी आलं, दाढ दुखत असावी. तो गृहस्थ हेलावून गेला आणि त्यानं जास्तीची नोट ठेवली, ती मी नियमाप्रमाणे परत केली. शेवटी वौटर. त्यांनी आजचं देऊन टाकलं, वर मंगळवारचे दोन हजारही मोजले, आणि मित्रांना म्हणाले, “बघा, माणूस काही बोलतसुद्धा नाही.”

मिस्टर थॉर्न जवळ आले. “संयम,” ते मला म्हणाले. “हा मला मिस्टर वगदींच्यात दिसत नव्हता. सोमवारपासून त्यांना कायम करा.”

वगदीनं उत्तरादाखल दोन्ही तळवे उघडून दाखवले. तेवढी एक सवय राहिलीच.

वड्या सुटायला अर्धा तास आणि दोन पेले चहा लागला. जबडा चोळत तो माझ्या खिडकीशी आला.

“मादाम, उपकार झाले. वड्यांचे किती झाले?” त्यानं पाकीट काढलं.

“राहू दे रे,” मी म्हटलं.

“बरं, आभार,” म्हणून त्यानं पाकीट खिशात ठेवलं आणि निघून गेला.

मॅनेजर झाला पोरगा.