नऊ जुलैची सुट्टी

दुरुस्ती मंजूर झाली. दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी दादाची ओळ पुसली गेली आणि ठिकठिकाणच्या कार्यालयांना नऊ जुलै हा कामाचा दिवस परत मिळाला. कुणीही टाळ्या वाजवल्या नाहीत.

असं अजून काही झालेलं नाही. सकाळचे अकराच वाजलेत, चहा गरम आहे आणि मॅनेजर तिच्या, म्हणजे कंपनीच्या प्रोग्रॅमरच्या, टेबलाच्या कडेला टेकून स्टेपलरची उघडझाप करतो आहे.

"नऊ जुलैनं तुझं काय घोडं मारलंय?"

"का?"

"त्या दिवशी आपली कंपनी एकही पार्सल पोचवत नाही. आठ तारीख आहे, दहा आहे, मधली गायब. हे वाच."

पियानो दुरुस्त करणाऱ्या एका गृहस्थांचं पत्र होतं. येत्या नऊ जुलैला संध्याकाळी कार्यक्रम, सकाळपर्यंत तारा हव्यात, आणि कंपनीचा संगणक काही केल्या दहा तारखेच्या अलीकडे यायला तयार नाही. खाली लिहिलं होतं, 'नऊ जुलैला आपल्याकडे काय असतं ते कळवावं, म्हणजे आम्हीही साजरं करू.'

"तीन वर्षं हे चालू आहे आणि तुला पत्ता नाही?"

"त्या दिवशी मी रजेवर असते."

"दर वर्षी?"

"वाढदिवस असतो."

"बरं. पण ते गोदामाला कुणी सांगितलं?"

तिनं कप उचलला आणि न पिताच खाली ठेवला.

"बघते," ती म्हणाली.

पार्सल कधी पोचेल ते काढायचं काम कंपनीत तीन वर्षांपासून एक छोटीशी लायब्ररी, म्हणजे आयता मिळणारा प्रोग्रॅमचा तुकडा, करायची. मधल्या सुट्ट्या वगळून कामाचे दिवस मोजणं, एवढंच तिचं काम. फुकट मिळायची. कुणीही उघडून वाचावी, चूक दिसली तर दुरुस्ती पाठवावी, सांभाळणाऱ्यानं ती तपासून घ्यावी, अशी रीत. ती दादानं लिहिली होती, हे तिनं कंपनीत कुणाला सांगितलं नव्हतं. दादाला जाऊन दोन वर्षं झाली होती. लायब्ररी रोज चालत होती. तिनं मात्र ती आतून कधी उघडली नव्हती. दुसऱ्याचं कपाट न विचारता उघडल्यासारखं वाटायचं.

आज उघडली. आत सगळं नीटनेटकं, घडी घालून ठेवलेलं. दादाचं खरं कपाट असं एक दिवसही नव्हतं. दार उघडलं की आधी मोजे अंगावर यायचे. दोनशे बाराव्या ओळीवर ती थांबली. सातवा महिना, नववा दिवस, सुट्टी. शेजारी वाचणाऱ्यासाठी एकच शब्द लिहिलेला होता: 'हिची.'

आठ वर्षांची असताना वाढदिवशी ती दप्तर पाठीला लावून दारात बसली होती, बूट घालायचे नाहीत म्हणून. बारा वर्षांच्या दादानं मुख्याध्यापिकांना रीतसर अर्ज लिहिला होता. विषय, महोदया, तरी विनंती की, आपला नम्र. नऊ जुलै ही सार्वजनिक सुट्टी जाहीर करण्यात यावी. अर्ज लाल शाईत 'नामंजूर' होऊन परत आला.

"मला जरा मोठा होऊ दे," तो म्हणाला होता, "अख्ख्या जगाला सुट्टी देतो. आता बूट घाल."

तिनं बूट घातले होते.

तिनं आईला फोन लावला.

"आई, दादानं माझ्या वाढदिवसाची सुट्टी दिलीय. सगळ्यांना."

"कधी?"

"सहा वर्षांपूर्वी. आज सापडली."

"त्याला मेल्याला काही सांगायची सवयच नव्हती." शब्द तोंडातून गेल्यावर आई थांबली. मागे नळ चालू होता, तो तिनं बंद केला. "मग आता?"

"काढायला सांगतायत. एका माणसाचा पियानो अडलाय."

"कोण काढणार?"

"मीच."

"काढ बाई. लोकांचा खोळंबा करून वाढदिवस करायचा नसतो." मग, "काय लिहिलंय त्यानं?"

"हिची."

"परत वाच."

तिनं परत वाचलं.

मग तिनं ओळ काढली. चाचण्या चालवल्या, सगळ्या पास झाल्या, एकीनंही हरकत घेतली नाही. काय बदललं ते लिहायच्या जागी तिनं 'विनाकारण सुट्टी काढली' असं लिहिलं, 'विनाकारण' खोडलं आणि पाठवून दिलं. दादानंतर लायब्ररी सांभाळणारा माणूस कुठल्या तरी दूरच्या शहरात राहायचा. नावाशेजारी त्यानं घुबडाचं चित्र लावलं होतं, म्हणून तिच्या लेखी तो घुबड.

तीन वाजून दहा मिनिटांनी घुबडाचं उत्तर आलं. म्हणजे सुरुवातीला सांगितलं ते सगळं झालं.

'मंजूर. नेटकं काम. ही ओळ कशासाठी होती कोण जाणे. मूळ लेखकाला विचारलं असतं, पण ते सुट्टीवर आहेत.'

तिनं दादाचं पान उघडलं. फोटोखाली अजून तीच पाटी होती, दवाखान्यात दाखल व्हायच्या सकाळी त्यानं लावलेली: 'सुट्टीवर. आलो की बघतो.' घुबड दोन वर्षं त्या पाटीवर विश्वास ठेवून बसला होता. 'ते आता', एवढं तिनं उत्तरात लिहिलं. मग पुसलं.

मॅनेजर जाता जाता डोकावला.

"झालं?"

"झालं."

"पियानोवाल्यांना काय कळवू? काय असतं नऊ जुलैला?"

"काही नसतं म्हणून कळवा."

तो गेल्यावर तिनं लायब्ररीचा नवीन मागणीचा कोरा रकाना उघडला, खुर्ची पुढे ओढली आणि लिहायला घेतलं.

'विषय: मूळ लेखकाची सुट्टी रद्द करण्याबाबत.

महोदय, सदर सुट्टी घेताना घरच्या कोणाचीही पूर्वपरवानगी घेण्यात आलेली नव्हती. नऊ जुलैची सुट्टी आजच नियमानुसार काढून टाकण्यात आली आहे. त्याच न्यायाने ही सुट्टीही रद्द करून मूळ लेखकास तातडीने रुजू करून घेण्यात यावे, ही नम्र विनंती. त्या बदल्यात अर्जदार नऊ जुलैला, बूट घालून, कामावर हजर राहण्यास तयार आहे.'