डाव्याला संकोचाने खाल्लं

मी विमानाचा उजवा पंख. खेळण्यातलं विमान म्हणणार असाल तर आत्ताच उठा. मी आकाशात गेलो आहे. तुम्ही जिन्यावरून पडलात तरी आठवडाभर सांगत बसता.

माझ्या अंगात पांढरा फोम आहे, मण्यामण्यांचा, वजनाला नसल्यासारखा. वरून बाल्सा नावाच्या लाकडाची पातळ कातडी. फोम एकटा लुळा, लाकूड एकटं ठिसूळ. दोघं नीट चिकटले तरच पंख होतो. म्हणजे सगळा खेळ मधल्या गोंदाचा. आणि त्या गोंदावरूनच माझ्या घरात अनर्थ झाला. शांतपणे सांगायचं म्हणतो, पण जमेल असं वाटत नाही.

मी जन्मलो सोफे बनवायच्या कारखान्यात. कारखाना म्हणजे एक लांब खोली, स्प्रिंगांचे ढीग, कापडाचे तागे आणि मधोमध एक भलंमोठं सपाट टेबल. मालक म्हातारा, सोफ्यांचा कारागीर. त्याची मुलगी तिथेच मशीनवर सोफ्यांची कव्हरं शिवायची. तिचा नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा आणि सुट्टीच्या दिवशी रिमोटवरची विमानं उडवायचा. एवढं सपाट टेबल दुसरीकडे कुठे मिळणार, म्हणून तो सासऱ्याच्या दारात आला.

फोमच्या ठोकळ्याला दोन टोकांना पंखाच्या आकाराचे साचे लावले. मग तापलेली तार एका टोकाला जावयाने धरली, दुसऱ्या टोकाला सासऱ्याने, आणि दोघांनी ती साच्यांवरून ओढली. एकाने घाई केली की पंख वाकडा. दोघांचे हात मात्र एका चालीने चालले. मी निघालो, पाठोपाठ माझा भाऊ डावा निघाला. आमच्या वरखालचे उरलेले तुकडेही जपून ठेवले. ते आमचे पाळणे. कातडी चिकटवताना पंख त्यांच्यातच निजवायचा असतो, नाहीतर दाबाखाली आकार बिघडतो.

इथवर सगळं उत्तम. मग गोंदाची वेळ आली.

म्हाताऱ्याने कपाटातून आपला पिवळ्या गोंदाचा डबा काढला. झाकण उघडताच खोलीभर वास. "हा घ्या, जावईबापू. जन्मभर गाद्या आणि रेक्झिन यानेच चिकटवलं. सोफा मोडेल, जोड सुटणार नाही."

जावई डब्याकडे बघत राहिला. त्याला माहीत होतं! या गोंदातलं पातळ द्रव्य पांढरा फोम खातं, हे त्याला पक्कं माहीत होतं. सोफ्यातला मऊ पिवळा फोम ते सोसतो, आम्ही नाही सोसत. तोंड उघडलं असतं तर भागलं असतं. पण हा गृहस्थ म्हणाला काय?

"तुम्ही म्हणाल तसं, मामा."

मशीनवरून मुलगी ओरडली, "अहो, आधी एखाद्या तुकड्यावर लावून बघा की!"

"तू शिवण बघ," म्हातारा म्हणाला. "माझ्या गोंदाची परीक्षा घेतेस?"

जावई हसला. कसंनुसं, ओशाळवाणं. त्या हसण्याला मी अजून माफ केलेलं नाही.

ब्रश डाव्यावर फिरला. आधी बारीक चुरचुर ऐकू आली, मण्यांची कवचं फुटल्यासारखी. मग त्याची पाठ खचली. जिथे ब्रश गेला तिथे खड्डा, खड्ड्यात चिकट लगदा. एवढा डौलदार माझा भाऊ, बघता बघता चघळून टाकल्यासारखा झाला. म्हातारा ब्रश हातात धरून उभाच. जावई म्हणाला, "असू दे मामा. होतं असं."

होतं असं? अरे, तू होऊ दिलंस!

मी शेजारी पालथा पडलो होतो. एकटा पंख म्हणजे काय? कचरा. त्याने ना विमान होतं ना पंखा. मुलीने मला उचलून भिंतीशी उभं केलं नसतं, तर कापडाच्या चिंध्यांबरोबर मीही गेलो असतो.

पुढचा आठवडाभर कारखान्यात त्या विषयावर कोणी ब्र काढला नाही. सासरा जावयाला जास्तच मान देई, जावई सासऱ्याला जास्तच. "बसा ना, जावईबापू." "नाही मामा, तुम्ही बसा." खुर्ची रिकामी आणि दोघंही उभे. माणसांना याचं कौतुक वाटतं. मला वाटतं, एकेकाला धरून त्या खुर्चीला चिकटवावं. त्याच पिवळ्या गोंदाने.

मग दोघांनी नवा डावा कापला. विमान मैदानावर न्यायचा दिवस जवळ आला होता, जावयाने तिथल्या मंडळींना सांगून ठेवलं होतं. या वेळी आधी माझा नंबर. म्हाताऱ्याने पांढऱ्या गोंदाची बरणी आणली, सुतार वापरतात तो. "हा पाण्यातला. याने काही वितळत नाही. भरपूर लावू."

वितळलो नसतो, खरं आहे. पण वर लाकूड, खाली फोम, मध्ये कोंडलेलं पाणी. ते वाळणार कधी? लाकूड ओलावा पिऊन फुगतं आणि पंखाला पीळ बसतो. असा पंख उडत नाही, गिरकी घेऊन जमिनीत घुसतो. जावयाला हेही माहीत होतं.

"चालेल, मामा," तो म्हणाला.

ब्रश बरणीत बुडाला. मी मनात डाव्याला हाक मारली.

आणि मशीन थांबलं.

"खरंच चालेल?" मुलीने विचारलं. सुई कापडात तशीच ठेवून ती वळून बसली होती. "अहो, माझ्याकडे बघून सांगा. चालेल?"

जावयाने तिच्याकडे बघितलं. "नाही चालणार," तो म्हणाला. मग सासऱ्याकडे वळला. "मामा, नको. पाणी आत अडकेल. पंखाला पीळ बसेल."

ब्रशवरचा गोंद टेबलावर थेंब थेंब पडत होता.

"आणि तो पिवळा?" म्हाताऱ्याने विचारलं. "त्याचंही माहीत होतं?"

"होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही मोठे. तुमच्यापुढे कसं..."

"मोठा आहे म्हणून माझं गाढव होऊ द्यायचं?" म्हातारा गरजला. "माझ्याच टेबलावर? माझ्याच मुलीसमोर?"

"बाबा, त्यांनी सांगितलं असतं तर तुम्ही ऐकलं असतं?" मुलगी म्हणाली.

म्हाताऱ्याने ब्रश पुसून ठेवला. बरणीचं झाकण त्याने स्वतः लावलं.

जावयाने खिशातून गोंदाच्या दोन नळ्या काढल्या. दोन्हीतलं समान घेऊन कालवायचं, की काही वेळाने ते दगडासारखं घट्ट होतं. पाणी नाही, खाणारं द्रव्य नाही. ही नळ्यांची जोडी पहिल्या दिवसापासून त्याच्या खिशात होती! पहिल्या दिवसापासून! यावर मी आणखी काय बोलू?

मृत डाव्याच्या पाळण्याचा एक तुकडा मोडून त्यावर आधी चाचणी झाली. फोम जसाच्या तसा. मग जावयाने कातडीवर गोंद लावला आणि प्लास्टिकच्या पट्टीने जवळजवळ सगळा खरवडून काढला. म्हातारा कळवळला, "एवढ्याशाने काय चिकटणार?"

"जास्त गोंद म्हणजे जास्त वजन, मामा." या वेळी तो ओशाळं हसला नाही.

दाबायला जावई विटा आणायला निघाला, तेव्हा म्हाताऱ्याने अडवलं. "विटेने खळगा पडेल. दाब कसा द्यायचा ते मला शिकवू नका." मुलीने रेक्झिनच्या छोट्या पिशव्या शिवल्या, त्यांत वाळू भरली आणि म्हाताऱ्याने त्या माझ्यावर एकेक करून मांडल्या, मूल थोपटावं तशा. सारखा दाब, कुठे कमी नाही, कुठे जास्त नाही. त्याची विद्या ही होती. गोंदाची नव्हती.

मी सरळ निघालो. नवा डावाही सरळ निघाला. मैदानावर आम्ही उठलो तेव्हा म्हातारा टोपी काढून वर बघत होता. लोकांनी इंजिनाची तारीफ केली. पंखाला कोण विचारतो!

आता वय झालं. परवा उतरताना कुंपणाला घासलो, पुढच्या कडेची कातडी सुटली. आज पुन्हा त्याच टेबलावर आहे. म्हाताऱ्याने कुठून तरी फवाऱ्याचा नवा गोंद आणला आहे. "जावईबापू, हा कसा?"

"माहीत नाही, मामा. बघू लावून."

माझ्या पहिल्या भावाच्या पाळण्याचे तुकडे एका खोक्यात आहेत, म्हाताऱ्याने राखून ठेवलेले. त्यातला एक त्याने आत्ताच काढून टेबलावर ठेवला. दोघं वाकून बघताहेत. मुलगी मशीन थांबवून आली आहे.

मला राग आहे तो याचाच. एवढंसं काम होतं. एक तुकडा आणि एक "नको". त्यासाठी माझ्या डाव्याचा लगदा व्हावा लागला. तुमच्या घरी कोणी मोठा माणूस डबा उघडून बसला असेल, तर माझं ऐका. मान नंतर द्या. आधी तोंड उघडा.