बाजाराकडे तोंड केलेला अँटेना

वादळात केंद्राचा अँटेना मोडून पडला, तेव्हा नवा कुठला घ्यायचा हे ठरवायचं काम आपसूक ताईकडे आलं. वाचनालयाच्या माडीवर दोन खोल्यांत चालणारं छोटंसं एफएम केंद्र ते. आवाज जेमतेम गावापुरता. यंत्रांचं सगळं ताई बघायची. माइकसमोर मात्र तिची धाकटी बहीण बसायची आणि गाव ओळखायचं ते धाकटीला. भाजी घेताना लोक ताईला विचारायचे, "तुम्ही तिच्या बहीण ना?"

तेही ताईने चालवून घेतलं असतं. पण लग्न करून धाकटी बाजारपेठेत राहायला गेली आणि आईपाशी उरली ती ताई. आईची औषधं, गळका नळ, डोळ्यांचा डॉक्टर, सगळं तिच्याच गळ्यात. संध्याकाळी यंत्रं सुरू करून ती घरी यायची, चहा घेता घेता काही सांगायला लागायची, की रेडिओला कान लावून बसलेली आई हात वर करायची. "थांब गं, ती बोलतेय."

अँटेना दोन प्रकारचे मिळत होते. एक चहूकडे सारखा आवाज फेकणारा. पोच थोडी कमी, पण कुणी सुटत नव्हतं. दुसरा एकाच दिशेला जोर लावणारा. त्याचं तोंड बाजाराकडे केलं, तर पलीकडच्या नव्या वसाहतीतही खणखणीत ऐकू गेलं असतं. मागे मात्र फारसं काही उरत नव्हतं. मागे टेकडीच्या उतारावर मोजकी घरं होती. त्यातलंच एक आईचं.

ताईने केंद्राच्या समितीपुढे नकाशा पसरला आणि दुसरा पटवून दिला. तिचं म्हणणं शब्दाशब्दाने खरं होतं. मागच्या घरांचं काय, असं अध्यक्षबाईंनी विचारलं, तेव्हा ती एवढंच म्हणाली, की माझंही घर तिथेच आहे. तो तिचा मोठेपणा समजून सगळ्यांनी होकार दिला.

अँटेना चढला. त्या संध्याकाळी आईच्या रेडिओवर नुसती खरखर. आईने सेल बदलले, रेडिओ खिडकीत ठेवून पाहिला, मग कपाटावर. ताई चहा गाळत बघत राहिली. आता आई आपल्याकडे वळेल, असं तिला वाटलं. आई वळलीही.

"उद्यापासून तू तिथेच थांबत जा," आई म्हणाली. "ती काय काय बोलते ते नीट ऐक आणि मला येऊन सांग."

मग रोज तेच. ताई स्टुडिओच्या काचेअलीकडे बसून धाकटीचा शब्द न् शब्द ऐकायची आणि घरी येऊन म्हणून दाखवायची. आई मध्येच अडवायची, की असं नसेल म्हणाली ती, तिच्या सांगण्यात गंमत असते.

गंमत तर वाढलीच होती. धाकटी स्वतःच्या फजित्या सांगायची, आईच्या चिकटपणाच्या नकला करायची. त्या तेवढ्या ताई घरी सांगताना गाळायची. दुकानदार आवाज मोठा करून ठेवायचे. एकदा ताईला राहवलं नाही. हल्ली फारच सुटली आहेस, असं ती बोलून गेली.

"आई ऐकत नाही ना आता," धाकटी हसत म्हणाली. "इतकी वर्षं तिला काय वाटेल म्हणून निम्मं गिळत होते. तुझ्या अँटेनाने सोडवलं बघ मला."

"मी तो मुद्दाम निवडला. आईला तू ऐकू येऊ नयेस म्हणून."

धाकटीचं हसू विरलं. ती माइकची वायर गुंडाळू लागली. मग हळूच म्हणाली, "तरी बदलू नकोस."

म्हणजे हेही धाकटीच्याच पथ्यावर पडलं होतं. ताई धुमसतच घरी आली. आई खुर्ची पुढे ओढून बसलेलीच होती. धाकटीचं एक अक्षर सांगायचं नाही, असं ताईने ठरवलं. सकाळी प्रक्षेपकाच्या जाळीमागे चिमणीने घरटं केलेलं तिला सापडलं होतं. स्टुलावर चढून त्या चिमणीशी आपण कशी हुज्जत घातली आणि शेवटी स्टूलच कसं कलंडलं, ते तिने सांगितलं, फक्त धाकटीच्या तोंडी घालून. धाकटी ताईची टिंगल करतेय, अशा थाटात.

आई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली.

"आज बरोबर सांगितलंस," ती डोळे पुसत म्हणाली. "बघ, कशी बोलते ना ती?"

"हो," ताई म्हणाली आणि कप उचलून आत गेली.