गोवर गेलाच नव्हता

भडगावच्या भिकुबाईची शेवंता आठ वर्षांची, तोंडाची तिखट पोर. त्या हिवाळ्यात ती गप्प गप्प होत गेली. पाठ असलेले पाढे विसरली. मग हातातून वस्तू पडायला लागल्या. भाकर खाता खाता मान एकदम झुके, अंगाला हिसका बसे आणि ताटली लांब उडे. तिच्या बापाला, मगनला, आधी हे नखरे वाटले. एकदा त्यानं हातही उगारला. पण त्याच्या डोळ्यांदेखत पोर चुलीकडे कलंडली, तेव्हा त्यानं तिला उचललं आणि तिघांनी जळगावची एस.टी. धरली.

डॉक्टर अभयकुमारांनी शेवंताच्या पाठीतलं पाणी काढून मुंबईला तपासायला पाठवलं. अहवाल आल्यावर त्यांनी नवराबायकोला समोर बसवलं.

"अक्का, हिला लहानपणी गोवर आला होता?"

"उनथा ना. दीड वरीसनी व्हती. पन तो ते बरा व्हई गयथा!"

"नाही. तोच गोवर आता हिच्या मेंदूत आहे."

पुरळ मावळल्यावर भिकुबाईनंच पोरीला न्हाऊ घातलं होतं, आळीत गूळ वाटला होता. त्यानंतर ही पोर रानात, लग्नाकार्यांत नुसती हुंदडली होती.

"मंग इतला दिन तो कोठे व्हता?"

"मेंदूच्या पेशींत लपून. विषाणूच्या अंगावरच्या प्रथिनांवरून आपलं रक्त त्याला ओळखतं आणि मारतं. पण क्वचित एखाद्या मुलात तो बदलतो. पेशीबाहेर पडायला लागणारं प्रथिनच धड बनवत नाही. बाहेर येत नाही, म्हणून सापडत नाही. आतल्या आत एका पेशीतून दुसरीत सरकत राहतो."

"औषध?" मगननं विचारलं.

डॉक्टरांनी नकारार्थी मान हलवली.

भिकुबाईला रडू फुटलं नाही. बाकावर निजलेल्या शेवंताच्या कपाळाला तिनं हात लावला. ताप नव्हता. कपाळ गार होतं, आणि त्या गारपणाचीच तिला भीती वाटली.

पुढच्या पोळ्याआधी शेवंता गेली. शेवटी शेवटी तिला आईही ओळखू येत नव्हती.

दिवसकार्य उरकल्यावर भिकुबाईनं जावेला, झुंबरबाईला, विचारलं, "तुन्हा पोऱ्याले गोवरनी सुई दिधी का?"

"गोवर ते बठ्ठासले येस," सगळ्यांनाच येतो त्यात काय, अशा सुरात झुंबरबाई म्हणाली.

भिकुबाईनं जावेचं पाळण्यातलं बाळ उचललं, पदरात गुंडाळलं आणि सरकारी दवाखान्याची वाट धरली. झुंबरबाई अनवाणीच तिच्यामागे धावली.