माझ्या पोटातला मोठा स्पीकर

मित्रांनो, मी एक जुना वाटाड्या आहे, पण मला पाय नाहीत. गाडीच्या काचेला चिकटून बसायचं आणि पुढचं वळण सांगायचं, हेच माझं आयुष्य. लोक मला जीपीएस म्हणतात.

कारखान्यात मला पहिल्यांदा चालू करून उघड्या खिडकीपाशी ठेवलं, तो क्षण मी विसरणार नाही. ढगांच्याही कितीतरी पलीकडून बारीक हाका येऊ लागल्या. ते उपग्रह होते. रस्ता कोणीच सांगत नव्हतं. प्रत्येक जण एवढंच म्हणत होता, ‘मी इथे आहे आणि आता अमुक वेळ झाली आहे.’ निदान चौघांचं बोलणं जुळवलं की मी कुठे आहे ते मला कळतं. पापणी लवायला जो वेळ लागतो, त्याच्या लाखाव्या हिश्शाइतकी चूक एकाने केली, तरी रस्त्यावरची गाडी मी दरीत दाखवीन. आणि एखादा उपग्रह बिघडला, तर त्याच्याच संदेशातून कळतं, ‘सध्या माझ्यावर विसंबू नका.’ हे ऐकून मी थक्क झालो होतो. अजूनही होतो.

पुढे मी मावशींच्या गाडीत आलो. मावशी डोंगरातल्या वस्त्यांवर औषधं पोचवायच्या. काही औषधं बर्फाच्या पेटीत असत. बर्फ वितळायच्या आत ती पोचली नाहीत तर वाया जात. तिकडे फोन लागत नसे आणि धुक्यात सगळे फाटे सारखेच दिसत, म्हणून मावशींची सगळी भिस्त माझ्यावर होती.

त्यांची गाडी मात्र फार खडखडायची. माझा आवाज त्यात बुडून जाई. मावशींचे यजमान, म्हणजे काका, घरीच रेडिओ दुरुस्त करायचे. त्यांनी मोठ्या हौसेने मला उघडलं आणि एका जुन्या रेडिओचा स्पीकर माझ्या पोटात बसवला. मग काय विचारता! मी ‘मागे वळा’ म्हटलं की पुढचा सायकलवालाही वळून बघायचा. काका सगळ्यांना कौतुकाने सांगत, की आता आमच्या घरात हिच्यापेक्षा मोठ्या आवाजाचं कोणीतरी आलं.

आणि एका सकाळी, धुक्यात, ऐन फाट्यावर मी बंद पडलो. मावशींनी दारोदार विचारत वस्ती गाठली, पण पेटीत नुसतं पाणी उरलं होतं. ती औषधं फेकून द्यावी लागली. त्या दिवशी घरी कोणी नीट जेवलं नाही. नवं यंत्र घ्यायची ऐपत नव्हती आणि माझ्याशिवाय डोंगरातली फेरी बंद पडणार होती.

माझी वॉरंटी अजून शिल्लक होती. काकांनी मोठा स्पीकर काढला, माझा मूळचा परत लावला आणि स्क्रू असे पुसले, की मी नवा कोरा दिसू लागलो.

“अगं, कोण विचारतंय?” ते म्हणाले.

“अहो, विचारणारच. तेच तर त्यांचं काम.”

दोघं मला घेऊन कंपनीच्या दुरुस्ती केंद्रात गेले. मी बंद होतो. पण मित्रांनो, बंद पडलेल्या वस्तूंनाही ऐकू येतं, फक्त बोलता येत नाही. काउंटरवरच्या बाईंनी मला उलटसुलट बघितलं आणि विचारलं, “हे कधी उघडलं होतं का?”

काका खोकले. मावशींनी त्यांच्याकडे बघितलं नाही.

“हो, आम्हीच उघडलं. आवाज पुरत नव्हता म्हणून मोठा स्पीकर बसवला होता. येताना जुना लावून आणलाय.”

“मग वॉरंटी गेली, मावशी. बोलला नसता, तर मी बदलून नवं दिलं असतं.”

“असेल. पण बिघाड कुठे आहे ते तुम्ही शोधणार. तुम्हाला चुकीचा पत्ता कशाला देऊ?”

मी ऐकतच राहिलो. त्या एका वाक्यावर डोंगरातली सगळी फेरी टांगलेली होती, आणि तरी मावशींचा आवाज जराही हलला नव्हता. इतकं सरळ बोलणं मी तोवर फक्त आकाशातूनच ऐकलं होतं.

बाईंनी वॉरंटीचा कागद बाजूला ठेवला. मग त्यांनी मला आतल्या कारागिराकडे नेलं आणि मोठ्या स्पीकरचं सांगितलं. तो म्हणाला, की मग आधी बॅटरी नको बघायला. मोठ्या स्पीकरने जास्त वीज ओढली असणार. त्याने नेमका जळालेला तुकडा शोधला आणि बदलला. त्याचे पैसे मावशींनी दिले. नवं यंत्र मिळालं असतं तर मी मोडीत गेलो असतो, हे मला तिथेच कळलं.

घरी आल्यावर काकांनी गाडीचं बॉनेट आणि खिडक्या घट्ट बसवल्या. खडखड थांबली. माझा लहानसा आवाज मावशींना अगदी स्पष्ट ऐकू येऊ लागला, आणि पुढच्या फेरीत पेटीतला बर्फ वस्तीवर पोचेपर्यंत टिकला.

मित्रांनो, वस्तू उघडून बघायची हौस जरूर असू द्या. पण ती बिघडली, तर तुम्ही तिला काय केलं होतं, तेही सांगा. मला आवाज आहे, पण त्यात फक्त वळणं आहेत. माझ्या पोटात काय झालं, ते माझ्या वतीने तुम्हालाच सांगावं लागतं.