तुलना करा, गुण पाच

शेषेरावानं रुमालाची गाठ सोडली आणि आतली ज्वारी मन्मथप्पा मास्तरांच्या बाजेवर ओतली. जेमतेम दोन ओंजळी भरली.

"नमुन्याला दहा बाय पाच मीटरचं रान कापलं, सर. एवढीच निघाली. आन् तहसीलदार साहेब मागं लागून राहिले, पिकाची आणेवारी पन्नासच्या वर दाखव. नव्या जिल्ह्यात दुष्काळ नको म्हणतेत."

मास्तरांनी उगाच चष्मा पुसला. लातूर जिल्हा होऊन तीनच वर्षं झाली होती. आकडा पन्नासच्या वर गेला, की गावाला ना टँकर, ना चारा, ना रोजगार हमीचं काम. आणि कागदावर सही तलाठी म्हणून शेषेरावाची लागणार होती.

"तुमीच शिकवलं ना, सर? तुलना करा, गुण पाच. इंग्लंडच्या राजाचा मंत्री मनाविरुद्ध शपथ घेईना, त्याचं मुंडकं उडवलं. निजामाच्या राज्यात कंधारच्या गिरदावरानं, म्हंजे महसुलाच्या अंमलदारानं, नापिकीच्या गावावर सक्तीची धान्याची लेव्ही लिहिली न्हाई, तो तुरुंगात मेला. पाचपैकी पाच दिले होते मला."

मास्तर खुलले. तो गिरदावर म्हणजे त्यांचे वडील शंकरप्पा, हे अख्ख्या गावाला पाठ होतं.

"मग? उत्तर तर तुला येतंच की."

"हाव. खरं तेच लिहितो. आता कुठं राजा हाय मुंडकं उडवाया? लई झालं तर बदली."

मास्तरांची आई, शरणम्मा, उंबऱ्याशी बसून सगळं ऐकत होती.

"लेकरा, त्याच्या फुडचं शिकवलं का यानं?"

"अव्वा, राहू दे," मास्तर घाईनं म्हणाले.

"दुसऱ्याच दिवशी नवा गिरदावर आला. त्यानं सही केली. लेव्ही गेली ती गेलीच, गाव उपाशी मेलं. तो नवा म्हंजे माझा भाऊ, संगप्पा. त्यानंच आमाला पोसलं. याला मास्तर केलं."

शेषेराव मास्तरांकडे बघत राहिला. मास्तर मान खाली घालून बाजेच्या सुतळीत अडकलेले दाणे टिपत होते. तीस वर्षं त्यांनी तो धडा शिकवला, पण मामाचं नाव एकदाही तोंडावर येऊ दिलं नव्हतं.

"सर, मग काय लिहू मी?"

मास्तरांनी ज्वारी रुमालात भरली, गाठ मारली, आणि सुटू नये म्हणून वर आणखी एक मारली. मग शेषेरावाकडे न बघताच त्यांनी विचारलं,

"तुला लेकरं किती रे?"